कॅन्सरच्या ट्रीटमेंटमधला घाम आणि अंगाचा वास: सगळे हळू आवाजात विचारतात ते प्रश्न

आईला ब्रेस्ट कॅन्सर निघाला तेव्हा ऑपरेशन, केमो, रेडिएशन आणि मग रोजची हॉर्मोनची गोळी असं सगळं डॉक्टरांनी केस पेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. घामाचा विषय कोणी काढला नाही आणि आम्हीही विचारलं नाही, कारण मुंबईत राहून घामाबद्दल काय विचारायचं. आता नात्यातले, बिल्डिंगमधले, आईच्या केमोमधल्या मैत्रिणींच्या सुना वगैरे मला फोन करतात, आधी पाच मिनिटं केस गळण्याबद्दल बोलतात आणि मग आवाज खाली आणून म्हणतात, अगं एक विचारायचं होतं. तेच सगळं इथे एकदा लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, डोंबिवलीत राहणारी एक मुलगी आहे जिने दोन वर्षं चादरी धुतल्यात. औषधांची नावं वाचून परस्पर केमिस्टकडे जाऊ नका, ती डॉक्टरांशी बोलायला सोपं जावं म्हणून दिलीत.

हा घाम नक्की कशाचा? उकाड्याचा की आजाराचा?

बहुतेक वेळा दोन्ही मिसळलेलं असतं, म्हणून तर गोंधळ होतो. मुंबईच्या हवेत आधीच इतका ओलावा की घाम अंगावरून उडतच नाही, नुसता वाहतो, आणि घाम उडाला नाही तर अंग गारही होत नाही. ऑक्टोबर आणि मेमध्ये तर धडधाकट माणूस पण थबथबलेला असतो.

ट्रीटमेंटची कारणं वेगळी. ब्रेस्ट कॅन्सरच्या टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्या, केमोमुळे तरुण बायकांची अचानक पाळी जाणं, पुरुषांना प्रोस्टेटसाठी देतात ती हॉर्मोन बंद करणारी इंजेक्शनं, या सगळ्यांनी अंगातून भडका उठतो आणि मग घाम सुटतो. मॉर्फिनसारख्या दुखण्याच्या औषधांनी येतो, स्टेरॉइडने येतो, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी येतो. लिम्फोमासारख्या काही कॅन्सरमध्ये तर आजारच रात्रीचा घाम आणतो, कपडे पिळून काढावेत इतका, आणि तो निदानाच्या आधीपासून असतो. इम्युनोथेरपी (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) चालू असलेल्यांचं थायरॉइड कधीकधी बिघडतं, त्यातही घाम आणि धडधड होते. आणि शेवटी भीती. रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री आमच्याकडे घरातल्या चौघांच्याही उश्या ओल्या होत्या.

मग ओळखायचं कसं? लिहून ठेवायचं. आमच्याकडे भिंतीवर कालनिर्णय असतं, त्यात दुधाचे खाडे मांडलेले असतात, त्याच चौकटीत मी पेन्सिलने "घ" लिहायचे. एक घ म्हणजे पुसून भागलं, दोन म्हणजे गाऊन बदलला, तीन म्हणजे चादर बदलली, आणि शेजारी थर्मामीटरचा आकडा. पुढच्या ओपीडीला मी सरळ ते पान फाडून नेलं. डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, ही गोळी रात्री देताय का? "खूप घाम येतो हो डॉक्टर" असं आम्ही आधी दोनदा सांगून झालं होतं, पण पान बघितल्यावर पहिल्यांदा त्यावर बोलणं झालं.

घाम आला की प्रत्येक वेळी ताप बघायचा का?

केमो चालू असेल तर हो, प्रत्येक वेळी. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल पण एवढं वाचा.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, हॉस्पिटलच्या भाषेत "काउंट पडतात". त्या दिवसांत साधं इन्फेक्शन काही तासांत अंगभर पसरू शकतं. ताप १००.४ फॅरेनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस झाला की सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटलच्या नंबरवर फोन लावायचा नाहीतर थेट कॅज्युअल्टीत जायचं. आणि त्याआधी पॅरासिटामॉल द्यायची नाही, ताप दबतो आणि आपली फसगत होते. थर्मामीटर तोंडात नाहीतर काखेत, गुदद्वारात अजिबात नाही.

आमचं काय झालं ते सांगते. तिसऱ्या केमोनंतरचा दहावा दिवस, रात्री आई उठून बसली, पाठ पूर्ण ओली, कपाळ गार. मला म्हणते, "अगं घाम फुटला बघ मला, म्हणजे कणकण होती ती उतरली, झोप तू." आता घाम फुटला म्हणजे ताप गेला हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकलेलं, आजी पण हेच म्हणायची, आणि मी खरंच दिवा बंद करायला हात वर केला होता. मग वाटलं, डब्यात थर्मामीटर आहेच तर लावू. १०१.२. म्हटलं चुकलं असेल, परत लावला, तेवढाच. रिक्षा मिळेना, शेजारच्या काकांनी गाडी काढली, काउंट एकदम खाली होते, पाच दिवस अ‍ॅडमिट, शिरेतून अँटिबायोटिक. अंग हाताला गार लागतं कारण वर घाम असतो. हात लावून ताप कळत नाही, आकडा बघायचा.

थंडी वाजून हुडहुडी भरली तर ताप नसला तरी फोन करा. छातीत दुखतंय, दम लागतोय आणि गार घाम सुटलाय, तर केमोचा त्रास असेल म्हणून बसू नका. डायबेटिस असेल आणि थरथर, भूक, घाम असं एकदम झालं तर साखर उतरली असेल, ती तपासा, मशीन नसेल तर आधी साखर-पाणी द्या. आणि डे केअरमध्ये सलाईन चालू असताना अचानक घाम, खाज, घशात आवळल्यासारखं वाटलं तर लगेच सिस्टरला हाक मारायची, बाटली संपू दे मग सांगू असं नाही. इरिनोटेकान नावाच्या औषधात सलाईन चालू असतानाच किंवा थोड्या वेळात घाम, लाळ, पोटात कळ येऊ शकते, त्यावर त्यांच्याकडे इंजेक्शन असतं.

अंगाला औषधासारखा, लोखंडासारखा वास येतो. खरंच येतो की मनाचे खेळ?

दोन्ही असू शकतं, आणि मनाचे खेळ म्हणून कोणाला गप्प बसवू नका.

नुसत्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतला आणि जांघेतला घाम थोडा वेगळा, चिकट, त्यावर कातडीवरचे जंतू जगतात आणि तो आंबूस वास त्यांचा. ट्रीटमेंटमध्ये त्यात भर पडते, काही औषधं आणि त्यांचे उरलेले अंश घामातून, लघवीतून, श्वासातून बाहेर पडतात. तोंड आलेलं असेल, जेवण जात नसेल तर श्वासाचा वास वेगळाच.

दुसरी गोष्ट, पेशंटचं नाक बदललेलं असतं. आईला तिचाच चंदनाचा साबण रॉकेलसारखा यायला लागला, वीस वर्षं वापरलेला. फोडणीचा वास आला की ती बाल्कनीत जाऊन उभी राहायची. तेव्हा तिला जो स्वतःचा वास येत होता तो आम्हाला काहीच येत नव्हता. पण तिने बाबांना विचारलं की ते घाईघाईने "छे छे, कुठे काय" म्हणायचे, आणि त्या घाईमुळेच तिला वाटायचं की हे खोटं बोलतायत. शेवटी असं ठरलं की फक्त माझ्या धाकट्या मावशीला विचारायचं, कारण मावशीला आयुष्यात कधी गोड बोलता आलेलं नाही. मावशी नाही म्हणाली की विषय संपला.

अचानक नवीन, उग्र, कुजल्यासारखा किंवा गोडसर वास आला तर मात्र बघायला पाहिजे, जखम, टाके, काखा, तोंड, लघवी सगळं. इन्फेक्शन असू शकतं.

आंघोळ किती वेळा घालायची? पाण्यात डेटॉल टाकू का?

दोनदा चालते, पण थोडक्यात आणि कोमट पाण्याने. कढत पाण्याने अंग आणखी तापतं आणि बाहेर आल्या आल्या परत घाम, हे आमच्या बाबांना कधीच पटलं नाही, ते अजून वाफाळतं पाणीच काढतात.

डेटॉलसारखं जंतुनाशक रोज पाण्यात टाकायची गरज नाही. केमोमध्ये कातडी आधीच कोरडी आणि पातळ झालेली असते, त्याने ती आणखी फुटते आणि फुटलेल्या जागेतून जंतू आत जातात. साधा सौम्य साबण, शक्यतो बिनवासाचा. डाळीचं पीठ, उटणं, घासणी, वजरी हे सगळं माळ्यावर ठेवा. कडुनिंबाचा पाला टाकलेलं पाणी हा दुसरा आवडता सल्ला, पण काउंट खाली असताना झाडावरून आणलेला पाला कशाला अंगाला लावायचा.

खरं काम आंघोळीनंतर असतं. जुना धुवट पंचा घ्यायचा, टर्किश टॉवेल नको, आणि घासायचं नाही, टिपायचं. काखा, स्तनाखाली, पोटाच्या वळ्या, जांघा, बोटांच्या बेचक्या. मग दोन मिनिटं पंख्याखाली तसंच बसायचं, त्यानंतर कपडे. ओल्या अंगावर ब्लाउज चढवला की पंधरा मिनिटांत कुबट वास सुरू, मग कितीही भारी साबण असो.

उठवत नसेल तेव्हा ओल्या फडक्याने पुसून काढलं तरी चालतं, तोंडापासून सुरू करून खाली यायचं, जांघा आणि मागचा भाग सगळ्यात शेवटी आणि त्याला वेगळं फडकं.

हातात पिक लाइन (केमो द्यायला दंडातून शिरेत घातलेली बारीक नळी) असेल तर ती जागा झाकून, कोरडी ठेवून आंघोळ. घामाने ड्रेसिंगची कड सुटते, मुंबईत तर हमखास. कड सुटली किंवा आत ओलं दिसलं तर ठरलेल्या वाराची वाट न बघता बदलून घ्या, वरून घरची चिकटपट्टी लावून आठवडा काढू नका.

डिओ लावला तर चालतो का? आणि तुरटी?

डिओ आणि अँटिपर्स्पिरंट या दोन वस्तू आहेत. डिओ वास झाकतो किंवा जंतू कमी करतो, घाम येतच राहतो. अँटिपर्स्पिरंटमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामाची तोंडं तात्पुरती बुजवतात. ते रात्री झोपताना पूर्ण कोरड्या काखेत लावायचं असतं, सकाळी घामावर थापून काही उपयोग नाही, हे मलाही पस्तिसाव्या वर्षी कळलं.

अ‍ॅल्युमिनियममुळे ब्रेस्ट कॅन्सर होतो हा मेसेज प्रत्येक ग्रुपवर येऊन गेलाय. तसं सिद्ध झालेलं नाही. किडनी खूप कमी चालत असेल त्यांनी मात्र विचारून लावा. गंमत म्हणजे आमच्याकडे एक काकू डिओच्या अ‍ॅल्युमिनियमला घाबरून तुरटी फिरवायला सांगायच्या, आणि तुरटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार की हो! धडधाकट कातडीवर तुरटी चालेल, पण चिरलेल्या, सोललेल्या, नुकतेच टाके काढलेल्या जागी जाम झोंबते.

ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढल्या असतील तर अजून एक गोष्ट. तिथली कातडी बधिर असते, कापलं तरी कळत नाही, आणि त्या हाताला सूज येण्याचा धोका कायमचा. साधा रेझर तिथे फिरवू नका, ट्रिमर वापरा नाहीतर केस राहू द्या. आईचे तर केमोत काखेचेही केस गेले होते, तो एक प्रश्न आपोआप सुटला.

पावडर थोडी चालते, पण वळ्यांमध्ये घामाबरोबर तिचा लगदा होतो आणि तोच घासतो. उघड्या जखमेवर नाही. परफ्युमचा फवारा तर मुळीच नको, पेशंटला मळमळतं आणि घाम अधिक अत्तर हा वास दोघांपेक्षा वाईट असतो.

रेडिएशन म्हणजे शेक चालू आहेत, त्या जागी घाम येतो. काय करू?

त्या जागेला काहीही लावायच्या आधी शेक देणाऱ्या टीमला विचारा. पूर्वी सरसकट डिओ बंद सांगायचे, आता बऱ्याच ठिकाणी कातडी धड असेल तर साधा डिओ चालेल म्हणतात, कारण त्याने कातडी जास्त भाजते असं अभ्यासात दिसलं नाही. तुमचे डॉक्टर नको म्हणाले तर नको. कातडी सोलवटली की सगळंच बंद.

शेकाची जागा दाखवणाऱ्या पेनाच्या खुणा असतील तर त्या घासून काढू नका, घामाने पुसट झाल्या तर स्वतः गिरवू नका, तिथे सांगा. बर्फ लावायचा नाही. सैल मलमलचं किंवा जुनं सुती, ब्राचा पट्टा रुततो म्हणून आईने ते दीड महिने बाबांचे जुने बनियन घातले आणि अजून सोडलेले नाहीत.

हॉर्मोनची गोळी सुरू झाल्यापासून अंगातून वाफा निघतात. गोळी बंद करू का?

नाही. ही गोळी आजार परत येऊ नये म्हणून असते आणि ५ वर्षं, काहींना १० वर्षं घ्यायची असते. घामाला कंटाळून गुपचूप सोडणाऱ्या बायका मी बघितल्यात, डॉक्टरांना सांगत नाहीत आणि पाकीट मात्र महिन्याच्या महिन्याला आणतात.

होतं काय, इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं यंत्र फार हळवं होतं, जरा अंग तापलं की त्याला वाटतं आग लागली, मग तोंड लाल, धडधड, घाम आणि पाच मिनिटांनी थंडी. पुरुषांचंही तेच, फक्त ते सांगत नाहीत. प्रोस्टेटच्या इंजेक्शनवर असलेले आमचे एक काका चार महिने घरच्यांना एसी बिघडलाय म्हणून सांगत होते.

यावर औषधं आहेत. व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन, ऑक्सिब्युटिनिन यांचा उपयोग होतो, यातलं कोणतं ते डॉक्टर ठरवतील. व्हेन्लाफॅक्सिनने उलट घाम वाढल्याचंही काहींच्या बाबतीत होतं, आहे की नाही मजा. टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनच्या गोळ्या तिचं काम कमी करू शकतात, म्हणून मानसोपचाराच्या डॉक्टरांना टॅमॉक्सिफेनचं नक्की सांगा. कधी गोळी घ्यायची वेळ बदलून किंवा त्याच कामाची दुसरी गोळी देऊन फरक पडतो, आमच्याकडे सकाळची वेळ केल्यावर रात्री जरा बऱ्या गेल्या.

शतावरी आणि पाळी गेल्यावरची "नैसर्गिक" चूर्णं स्वतःहून घेऊ नका, त्यातल्या काही वनस्पती इस्ट्रोजेनसारख्या वागू शकतात आणि आपण तर तेच दाबायला गोळी खातोय.

घरगुती म्हणाल तर कढत चहा, तिखट रस्सा, दारू, सिगरेट याने भडका उठतो का ते बघा. प्रत्येकाचं वेगळं असतं. आईचा गुन्हेगार दुपारचा चहा निघाला, तोही तिने सोडला नाही, बशीत ओतून गार करून पिते.

रात्री चादर भिजते, एका खोलीत पाच माणसं, काय काय करणार?

मोठा पलंग, एसी, वेगळी खोली हे सल्ले वाचून मला रडू यायचं. आम्ही काय केलं ते सांगते. पेशंटची जागा खिडकीकडे, खाटेच्या पायथ्याशी छोटा टेबल फॅन. सिंथेटिक ब्लँकेट बंद, आईच्या आईने शिवलेली जुनी धुवट गोधडी फक्त पायावर. चादरीच्या मध्ये आडवा एक मोठा सुती पंचा, भिजला की तोच ओढून काढायचा, पूर्ण अंथरूण उचलायचं नाही, कोणाची झोप मोडायची नाही. खुर्चीवर दोन सुती गाऊन उलगडून ठेवलेले, अंधारात बटणं शोधावी लागणार नाहीत असे. पाण्याची बाटली हाताशी.

गादीला रबरी शीट घालत असाल तर वर जाड सुती चादर हवीच, नाहीतर खालून वाफ धरते आणि पाठीला घामोळं.

धुण्याबद्दल. केमोनंतरचे पहिले ४८ तास औषध लघवी, उलटी, घामातून बाहेर पडत असतं. त्या दोन दिवसांत भिजलेले कपडे हातमोजे घालून उचला, घरच्यांच्या कपड्यांपासून वेगळे, दोनदा धुवा. गरोदर सुनेला ते काम देऊ नका. एवढ्याने पेशंट कोणी विटाळशी होत नाही, जवळ बसा, हात धरा, नातवंडांना मांडीवर द्या, सगळं चालतं.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत आणि अर्धवट सुकलेल्या चादरीला जो ओलसर कुबट वास येतो तो बिचाऱ्या पेशंटच्या नावावर जातो. शेवटच्या खळबळणीत थोडा व्हिनेगर घाला आणि इस्त्री फिरवून पूर्ण कोरडं करा. आम्ही महिनाभर आईला साबण बदलून देत होतो आणि दोष निघाला उशीच्या अभ्र्याचा.

घाम इतका जातोय, पाणी किती आणि काय द्यायचं?

किडनी, हार्ट किंवा पोटात पाणी यामुळे डॉक्टरांनी माप बांधून दिलं नसेल तर थोडं थोडं करून दिवसाला दोन-अडीच लिटर. लघवी गडद पिवळी, तोंडाला कोरड, उठल्यावर गरगरणं म्हणजे कमी पडतंय. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, पेल्यात थोडं थोडं टाकून नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा छोटा चमचा बरं का.

घरचं कोकम सरबत, पन्हं, ताक चांगलं, पण तोंड आलं असेल तर आंबट झोंबतं. शहाळ्यात पोटॅशियम जास्त, किडनीवाल्यांनी विचारून. आणि रस्त्यावरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेलं कलिंगड, काउंट खाली असताना यातलं काहीही नाही.

लोकलने जायचं असतं, लोक नाकाला पदर लावतात.

लावतात. दादरला उतरून परळला टाटाला आम्ही किती वेळा गेलो, एकदा लेडीज डब्यात एका बाईने आईकडे बघून पदर नाकाला लावला आणि खिडकीकडे तोंड केलं. आई पुढच्या स्टेशनला उठून दारात जाऊन उभी राहिली, सीट सोडून. डबा पूर्ण घामाचाच होता हो, मासेवाल्या, ऑफिसवाल्या, मी स्वतः. पण तिला वाटलं आपणच.

त्यानंतर आम्ही दिव्यांगांच्या डब्यातून जायला लागलो. तो कॅन्सर पेशंटसाठीही राखीव असतो, बाहेर लिहिलेलं असतं, बऱ्याच जणांना माहितीच नाही. हॉस्पिटलचे कागद बरोबर ठेवा. पिशवीत ओले वाइप्स बिनवासाचे, एक सुका नॅपकिन, जादा ब्लाउज नाहीतर कुर्ता, प्लास्टिकची पिशवी ओल्या कपड्यांना, हातपंखा. ब्लाउजच्या आत काखेत सुती कापडाचे गोल तुकडे लावायचे, आमच्या टेलरने जुन्या धोतराचे सहा जोड शिवून दिले आणि पैसे घेतले नाहीत.

गाठ फुटून जखम झालीय, तिचा वास सहन होत नाही.

यात स्वच्छतेत तुमची काही कसूर नाही, हे आधी स्वतःला सांगा. गाठीतला मेलेला भाग आणि त्यात वाढणारे जंतू, तो वास त्यांचा, दिवसातून चार आंघोळी घातल्या तरी जाणार नाही. पण उपाय आहेत आणि चांगले आहेत. मेट्रोनिडाझोल हे औषध जेल म्हणून किंवा गोळीची पूड करून जखमेवर लावायला देतात, कधी पोटातूनही, थोड्याच दिवसांत फरक पडतो. कोळशाचं ड्रेसिंग मिळतं, ते वास शोषतं. ड्रेसिंग चिकटलं असेल तर सलाईनच्या पाण्याने भिजवून काढायचं, ओढायचं नाही, रक्त येतं. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या, ओपीडीत जा, तिथल्या सिस्टर हे रोज करतात आणि घरी कसं करायचं ते शिकवतात. पॅलिएटिव्ह म्हणजे शेवट असं समजून लोक जायला उशीर करतात आणि विनाकारण सोसतात.

खोलीत उदबत्ती आणि रूम फ्रेशनर लावू नका, मळमळतं आणि दम लागतो. खाटेखाली पसरट ताटलीत खायचा सोडा किंवा उघडी कॉफी पावडर ठेवा, खिडकी उघडी.

सासूबाईंना वास येतो हे सांगायचं कसं?

सगळ्यांसमोर नाही, जेवताना नाही, आणि दीर, नणंदेच्या तोंडून तर नाहीच. "आई, तुमच्या अंगाला वास येतो" असं म्हणायच्या ऐवजी "आई, पाठ ओली झालीय तुमची, मी पुसून देऊ का? हा गाऊन सुकलाय बघा" एवढं पुरतं. त्यांना कळतं. स्वतःचं नाक वाकडं होऊ द्यायचं नाही, तेच लक्षात राहतं. आणि पुसून देताना घाई करू नका, दाराला कडी लावा. माझ्या आईला ऑपरेशनची बाजू मला दाखवायला चार महिने लागले, तोपर्यंत ती तिथे स्वतःच पुसत होती आणि नीट पुसलं जात नव्हतं.

काखेत आणि स्तनाखाली लाल चट्टे, खाज आहे.

बुरशी असणार, दाखवा. केमिस्टकडची तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब लावू नका, त्यात स्टेरॉइड असतं, आधी बरं वाटतं आणि मग पसरतं.

विगमध्ये डोकं उकडतं.

मुंबईत विग लग्नापुरता. बाकी जुन्या मऊ साडीचा स्कार्फ. सिलिकॉनच्या कृत्रिम स्तनाखाली घाम धरत असेल तर सुती खोळ घाला, रोज धुवा, घरात काढून ठेवा.

दुखण्यासाठी फेंटानिलची पट्टी लावलीय, ती घामाने सुटते.

लावायच्या जागी आधी साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करा, तेल-क्रीम नको, तळव्याने अर्धा मिनिट दाबून धरा. सारखी सुटत असेल तर सांगा. त्या पट्टीवर गरम पाण्याची पिशवी कधीच ठेवू नका, उष्णतेने औषध जास्त वेगाने अंगात जातं. ताप चढला तरी तसंच होऊ शकतं, म्हणून पेशंट खूप गुंगीत दिसला तर लगेच फोन.

हे किती दिवस चालणार?

केमोचा आणि औषधाचा वास शेवटच्या केमोनंतर काही आठवड्यांत जातो, नाकही हळूहळू ताळ्यावर येतं, आईचा चंदनाचा साबण परत मोरीत आला. मॉर्फिन किंवा स्टेरॉइडचा घाम डोस बदलला की बदलतो. हॉर्मोनच्या गोळीच्या वाफा जास्त दिवस राहतात, बऱ्याच जणींच्या वर्षभरात कमी होतात, काहींच्या नाही होत, त्यांनी औषधाबद्दल परत विचारायचं. आणि सगळं संपून बरेच महिने झालेत, बरं वाटतंय, आणि रात्री परत कपडे भिजायला लागले, वजन उतरतंय, तर पुढच्या फॉलोअपची तारीख यायची वाट बघू नका.

आमच्या कालनिर्णयवर गेल्या महिन्यात तीन घ होते. त्यातला एक गणपतीच्या आरतीतला, वीस माणसं, समया आणि बंद पडलेला पंखा, तो मी खोडून टाकला.